मातीची ओल

अंबडच्या काळ्या जमिनींत मोसंबीची बाग राखणें म्हणजे पाण्याचा हिशेब राखणें होय. बहार धरावयाचा तर झाडास आधीं ताण द्यावा लागतो. तो कमी पडला तर फूल येत नाहीं, अति झाला तर झाडच जातें. उलट, पाणी फार झालें कीं डिंक्या लागतो. आमचे वडील बंधु वीतभर उकरून माती मुठींत दाबीत व निर्णय देत. २०१२-१३ च्या अवर्षणांत मात्र आमची अर्धी बाग सरपणास गेली.

म्हणूनच पवईच्या आय. आय. टी. मधील संशोधकांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेली एक युक्ति आम्हांस मोलाची वाटते. पेन्सिलींतील ग्राफाइट ही कार्बनच्या पापुद्र्यांची चळत असते. त्यांतील एकच, अणूएवढ्या जाडीचा पापुद्रा तो ग्राफीन. मँचेस्टर येथें २००४ सालीं तो चिकटपट्टीनें सोलून काढिला गेला. त्यास आंतला भाग नाहींच, सर्व पृष्ठच. जणू केवळ त्वगिंद्रिय! त्यास प्राणवायूची जोड दिली कीं तो पाण्याचा लोभी होतो. (रसायनज्ञ आमच्या या शब्दास क्षमा करोत.) अशा पापुद्र्यांचा थर बारीक विद्युत्पट्ट्यांवर देऊन तें यंत्र मातींत ठेवितात. ओल वाढली कीं त्याची विद्युत् सांठविण्याची शक्ति वाढते, व सुमारें दोन मिनिटांत आंकडा मिळतो. लाल व काळी, दोन्ही मातींत याची परीक्षा झाली आहे.

परंतु वाचकहो, आमच्या काळ्या जमिनीस उन्हाळ्यांत भेगा पडतात. यंत्र भेगेंत सांपडलें तर तें हवेची ओल सांगेल, मातीची नव्हे. तें कोणत्या झाडाखालीं व किती खोल पुरावयाचें, हें बंधूंनाच विचारावें लागेल.