आशाताईंच्या प्रश्नानंतर काय?

साठीपुढच्यांची तपासणी करताना आशाताई जो अर्ज भरतात, त्यात एक प्रश्न असतो: जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का? शिरूर-दौंडच्या वाडीवस्तीवर उत्तर ‘हो’ आले, तर पुढे काय? पक्के निदान करणारा तज्ज्ञ बहुधा पुण्यातच. म्हणजे घरातल्या दोघांचा रोज बुडाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. इथे वाट चुकलेल्या आजोबांपुढे घोड-भीमेचे काठ, कठडा नसलेल्या विहिरी, बिबट्या दडलेला ऊस. दौंडला तर रेल्वेचे जंक्शनच. म्हणून सून खुरपणी सोडून उंबऱ्यात बसते. तिची बुडालेली मजुरी कुठल्याच सरकारी हिशेबात नाही, आणि आम्हाला सर्वांत जास्त खुपते ते हेच. ग्रामीण रुग्णालयात महिन्यातला एक दिवस स्मृती-तपासणीसाठी ठरवा. गावात अशा वृद्धांना दिवसभर सांभाळणारी जागा आणि सांभाळणारीला मानधन द्या. शिरूर तालुक्यातच, वढू बुद्रुकला, केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे आरोग्यकाम वर्षानुवर्षे घरोघरी पोचते आहे. जिल्हा परिषदेने सुरुवात तिथूनच करावी.