उपशय कोणी ठरवायचा? : अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या संशोधनातील मापनाचा प्रश्न

अल्सरेटिव्ह कोलायटिस या व्याधीत आयुर्वेदीय चिकित्सेचा उपयोग होतो, असा आपल्यापैकी अनेक चिकित्सकांचा अनुभव आहे. कुटज, बिल्व, मुस्ता, मोचरस, नागकेशर ही द्रव्ये, चांगेरी घृत आणि पिच्छाबस्ती यांची योजना आपण नित्य करतो. रक्त थांबते, वेग कमी होतात, वजन वाढू लागते. असे असूनही या विषयावरील आपले प्रबंध व शोधनिबंध आपल्या शास्त्राबाहेरील वाचकापुढे ठेवले, की तो ते चाळून बाजूला सारतो. त्याच्या पूर्वग्रहाला दोष देऊन आपण मोकळे होतो. पूर्वग्रह असतोही, परंतु माझ्या मते मुख्य कारण आपल्या मापनपद्धतीत आहे. ‘रुग्णास उपशय मिळाला’ हे विधान आपण ज्या रीतीने सिद्ध करतो, ती रीतच तपासून पाहणे आवश्यक आहे.

सध्याची रीत आणि तिच्यातील उणिवा

पदव्युत्तर प्रबंधांतील परिचित चित्र असे : तीस रुग्ण, महिना-दीड महिन्याची चिकित्सा, द्रवमलप्रवृत्ती, सरक्तता, उदरशूल, दौर्बल्य इत्यादी लक्षणांना शून्य ते तीन अशा श्रेणी, आणि या श्रेणी संशोधकाने स्वतःच रचलेल्या. चिकित्सेपूर्वीची व नंतरची बेरीज घेऊन फरकाचे शेकडा प्रमाण काढायचे आणि त्यावरून ‘उत्तम’, ‘मध्यम’ व ‘अल्प’ उपशय असे वर्ग पाडायचे.

यात पहिली उणीव अशी, की प्रत्येकाची मोजपट्टी निराळी असल्याने दोन प्रबंधांची तुलनाच होऊ शकत नाही. शिवाय दौर्बल्याची एक श्रेणी आणि रक्तस्रावाची एक श्रेणी समान मानली जाते. श्रेणी तीनवरून दोनवर आली म्हणजे रक्तस्राव एक-तृतीयांशाने घटला, असे नव्हे. श्रेणी हा क्रम आहे, परिमाण नव्हे.

दुसरी उणीव अधिक नाजूक आहे. जो वैद्य औषध देतो तोच श्रेणी देतो. आपल्याकडचा रुग्ण मोठा भिडस्त असतो. ज्यांनी आपुलकीने औषध दिले त्यांच्यासमोर ‘फरक नाही’ म्हणणे त्याला प्रशस्त वाटत नाही. ‘बरं आहे की आता’ हे त्याचे उत्तर पुष्कळदा सौजन्याचे असते.

तिसरी उणीव व्याधिस्वभावाकडे दुर्लक्ष करण्याची. हा व्याधी चढउताराचा आहे. रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा व्याधी भरात असताना. पुढील काही आठवड्यांत काही रुग्णांचा वेग आपोआपच ओसरतो. ऑक्सफर्ड येथील ट्रूलव्ह व विट्स यांनी १९५५ साली कॉर्टिझोनची सुप्रसिद्ध चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यातील २१० रुग्णांपैकी कॉर्टिझोन मिळालेल्यांतील सुमारे ४१ टक्के रुग्ण शमनावस्थेत आले. परंतु कॉर्टिझोन न मिळालेल्या तुलनागटातीलही सुमारे १६ टक्के आले. अलीकडील चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात केवळ प्लासिबो घेणाऱ्यांपैकी सुमारे १० टक्के रुग्णांना शमन व सुमारे ३३ टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाल्याचे दिसते. म्हणजे तुलनागटावाचून नोंदवलेल्या उपशयातील किती भाग औषधाचा, हे सांगण्याचा मार्गच उरत नाही.

चौथी उणीव निदानाची. रक्तातिसार, प्रवाहिका आणि ग्रहणी यांपैकी एकही संज्ञा अल्सरेटिव्ह कोलायटिसचा तंतोतंत पर्याय नव्हे. आपल्या देशात अमिबाजन्य प्रवाहिका आणि आंत्रक्षय या व्याधींची लक्षणे त्याच्याशी मिळतीजुळती असतात. मलपरीक्षण, कोलोनोस्कोपी व बायोप्सी यांवाचून रुग्ण निवडले, तर अमिबाजन्य विकार कुटजाने बरा होईल आणि श्रेय मात्र कोलायटिसच्या खात्यावर जमा होईल. चुकीच्या रुग्णांवर घेतलेले अचूक मापनही व्यर्थच.

आधुनिक मोजपट्ट्यांचा प्रवास

ट्रूलव्ह-विट्स यांचे निकष व्याधीची तीव्रता ठरवणारे होते. रक्तयुक्त वेग दिवसातून सहा वा अधिक, आणि सोबत ज्वर, नव्वदच्या वर नाडीगती, पांडुता वा वाढलेला ईएसआर, ही तीव्रावस्था. हे निकष आजही प्रत्येक वैद्याने मुखोद्गत ठेवावेत. कारण असा रुग्ण संशोधनासाठी नव्हे, तर त्याच दिवशी रुग्णालयात पाठवण्यासाठी असतो.

पुढे १९८७ साली मेयो गुणांकन प्रसिद्ध झाले. वेगांची संख्या, रक्तस्राव, एंडोस्कोपीतील दर्शन आणि चिकित्सकाचे एकूण मत, या चार घटकांना शून्य ते तीन असे गुण, कमाल बारा. १९८९ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात आयबीडीक्यू ही बत्तीस प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. तिने प्रथमच आंत्रलक्षणांच्या जोडीला सार्वदेहिक, भावनिक व सामाजिक अंगांना स्थान दिले. १९९८ साली आलेला एससीसीएआय हा निर्देशांक एंडोस्कोपीवाचूनही भरता येतो. दिवसाचे वेग, रात्रीचे वेग, शौचाची घाई, रक्त, सर्वसाधारण स्वास्थ्य व आंत्रेतर लक्षणे एवढेच त्यात विचारतात. २००९ साली अमेरिकेच्या एफडीएने रुग्णाने स्वतः सांगितलेल्या फलितांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२१ च्या स्ट्राइड-२ या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी श्लेष्मल त्वचेचे रोपण जसे दीर्घकालीन उद्दिष्ट मानले, तसेच जीवनमान पूर्ववत होणे हेही मानले.

हा क्रम पाहता एक गोष्ट ध्यानात येते. आधुनिक वैद्यकालाही रुग्णाचा शब्द प्रमाण मानण्यास काही दशके लागली. त्यामुळे या बाबतीत आपण फार मागे पडलो आहोत, असे समजून खचण्याचे कारण नाही.

शास्त्रातील निकष

किंबहुना हा निकष आपल्याकडे होताच. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या चाळिसाव्या अध्यायात अतिसार निवृत्त झाल्याची लक्षणे दिली आहेत. मलप्रवृत्ती न होता मूत्र व अपानवायू सुटणे, अग्नी प्रदीप्त असणे आणि कोष्ठ लघु असणे, हा त्यांचा आशय. वेगांची केवळ संख्या आचार्यांनी प्रमाण मानली नाही, हे लक्षणीय आहे.

या व्याधीचा रुग्ण वायू सरतानाही धास्तावतो, कारण वायूबरोबर रक्त वा आव येईल की काय, याची त्याला खात्री नसते. ‘एसटीत बसायची भीती वाटते’, ‘लग्नकार्याला गेलो तरी आधी संडास कुठे ते पाहतो’, ‘बाहेर जायचं असलं की जेवतच नाही’, ही वाक्ये आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली असतील. ज्या दिवशी हा रुग्ण निर्धास्तपणे वायू सोडू शकतो, त्या दिवशी तो खऱ्या अर्थाने बरा होऊ लागलेला असतो. आपल्या स्वरचित श्रेणीपत्रकांत मात्र ही बाब क्वचितच आढळते. शास्त्राचा अभिमान बाळगणाऱ्यांनी निदान शास्त्राने दिलेला निकष तरी नोंदवावा.

कोष्ठाचेही तसेच. मेयो गुणांकनात वेगांची तुलना त्या रुग्णाच्या स्वतःच्या प्राकृत संख्येशी केली जाते. मृदुकोष्ठी मनुष्यास दिवसातून दोनदा शौचास होणे प्राकृत. क्रूरकोष्ठी मनुष्यास तेच विकृत असू शकते. व्याधीपूर्वीचा कोष्ठ नोंदवल्यावाचून ‘वेग चारवरून दोनवर आले’ या विधानाला अर्थ नाही. कोष्ठपरीक्षण जाणणाऱ्या वैद्याला हे कोणी शिकवण्याची गरज नसावी.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की आयुर्वेदाची चिकित्सा पुरुषं पुरुषं प्रति भिन्न असते. सर्वांना एकच मोजपट्टी कशी लावावी? येथे चिकित्सा आणि फलित यांची गल्लत होते. एकास पिच्छाबस्ती, दुसऱ्यास कुटजघन, तिसऱ्यास प्रथम आमपाचन, अशी योजना खुशाल भिन्न असावी. तिघांनाही मिळवायचे आहे ते एकच : रक्तहीन, सुखाची मलप्रवृत्ती आणि निर्भय दिनचर्या. योजना भिन्न असली, तरी फलिताची मोजपट्टी समान ठेवण्यास शास्त्राचा कोणताही विरोध नाही.

दुसरा आक्षेप आधुनिक बाजूने येतो. रुग्णाचे कथन व्यक्तिनिष्ठ, त्यावर विसंबावे कसे? हा आक्षेप निम्मा खरा आहे. लक्षणे शमलेली असूनही एंडोस्कोपीत शोथ शिल्लक राहिल्याचे अनेकदा दिसते. उलट, श्लेष्मल त्वचा भरून आल्यावरही काहींचे वेग व उदरशूल टिकून राहतात. म्हणून रुग्णकथन आणि वस्तुनिष्ठ परीक्षण यांपैकी एक निवडायचे नसून दोन्ही घ्यायची आहेत. प्रत्येक वेळी कोलोनोस्कोपी शक्य नसेल, तेथे मलातील कॅलप्रोटेक्टिन पाहता येते. विशेषतः बस्तीसारख्या उपक्रमात, जेथे रुग्णापासून उपचार लपवणे अवघड असते, तेथे वस्तुनिष्ठ परीक्षणावाचून केवळ कथनावर निष्कर्ष काढू नये.

मोजपट्टी ठरलेली असेल तर

आपल्याच द्रव्यांवरील काही अभ्यास येथे बोधप्रद आहेत. शल्लकीनिर्यासाचा २००१ साली प्रसिद्ध झालेला भारतीय अभ्यास पाहा. शल्लकी घेणाऱ्या २० पैकी १४ आणि सल्फासालाझिन घेणाऱ्या १० पैकी ४ रुग्ण शमनावस्थेत आले. निष्कर्ष आशादायक खराच. पण दहा रुग्णांच्या तुलनागटावर मोठी इमारत उभी राहत नाही. जपानमध्ये २००६ साली ८९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात नेहमीच्या औषधासोबत हरिद्रेतील करक्युमिन रोज दोन ग्रॅम दिले. सहा महिन्यांत व्याधीचा पुनरुद्भव करक्युमिन गटात ४३ पैकी २, तर प्लासिबो गटात ३९ पैकी ८ रुग्णांत झाला. २०१५ साली मुख्यतः इस्रायलमध्ये झालेल्या ५० रुग्णांच्या अभ्यासात उपरोक्त एससीसीएआय वापरला होता. मेसालामाइनसोबत रोज तीन ग्रॅम करक्युमिन घेणाऱ्या २६ पैकी १४ रुग्ण चार आठवड्यांत शमनावस्थेत आले, प्लासिबो गटातील २४ पैकी एकही नाही. उलट, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या एम्समधील अभ्यासात रोज ४५० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेचा लाभ दिसला नाही. फलित आधी निश्चित केलेले असल्याने प्रतिकूल निष्कर्षही उपयोगी ठरतो. मात्रेचा विचार करण्यास तो भाग पाडतो. हरिद्रा आपली, परंतु तिचे हे मापन प्रामुख्याने इतरांनी केले, ही वस्तुस्थिती आपल्याला विचार करायला लावणारी आहे.

काय करता येईल

एक : संशोधनाचे मुख्य फलित पहिल्या रुग्णाच्या नोंदणीपूर्वीच लिहून ठेवावे. सीटीआरआय ही राष्ट्रीय नोंदवही २००७ साली सुरू झाली. नोंदणी विनामूल्य आहे, आणि एप्रिल २०१८ पासून तेथे चाचणी सुरू होण्यापूर्वीच नोंद करावी लागते.

दोन : स्वरचित श्रेणींऐवजी प्रस्थापित निर्देशांक वापरावा. आपली विशेष लक्षणे, म्हणजे साम-निराम मल, अग्नी आणि सुश्रुतोक्त निवृत्तिलक्षणे, त्याच्या जोडीला स्वतंत्रपणे नोंदवावीत. बेरजेत मिसळू नयेत.

तीन : प्रश्न रुग्णाच्या भाषेत असावेत. ‘अर्जन्सी’ला ‘वेगधारण-असामर्थ्य’ हा शब्द प्रबंधात शोभतो, रुग्णाला कळत नाही. ‘संडासला लागली की दम धरवतो का?’ हे त्याला कळते. विदर्भात, कोकणात व मराठवाड्यात शब्द बदलतील. म्हणून भाषांतर, उलट भाषांतर आणि मोजक्या रुग्णांकडून पडताळणी हा क्रम पाळावा. आयबीडीक्यूसारख्या हक्काधीन प्रश्नावलीसाठी रीतसर परवानगी घ्यावी.

चार : प्रश्नावली औषध देणाऱ्या वैद्याने भरून घेऊ नये, गटाची माहिती नसलेल्या दुसऱ्या व्यक्तीने हे काम करावे.

पाच : सोबतची आधुनिक औषधे मात्रेसह नोंदवावीत. स्टेरॉइडवाचून टिकलेले शमन हे स्वतंत्र फलित मानावे. ‘आमच्या औषधाने बरे वाटले’ म्हणून रुग्णाने मेसालामाइन परस्पर बंद केले आणि व्याधी पुन्हा उसळला, तर त्याची नोंदही त्याच पत्रकात झाली पाहिजे. अपाय आणि मध्येच सोडून गेलेले रुग्ण लपवू नयेत.

सहा : दीड महिन्यावर थांबू नये. पुनरुद्भव हा या व्याधीचा स्वभाव असल्याने किमान सहा महिने, शक्य तर वर्षभर अनुवर्तन ठेवावे.

हे सर्व एकट्या-दुकट्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील नाही, हे मान्य. परंतु संघटनेने एक समान नोंदपत्रक तयार करून दिले आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील चिकित्सकांनी निदान निश्चित झालेले प्रत्येकी पाच रुग्ण त्यात प्रामाणिकपणे नोंदवले, तरी काही वर्षांत मोठा संग्रह उभा राहील. तुलनात्मक चाचणीची जागा तो घेणार नाही. मात्र चाचणी कोणत्या प्रश्नावर करावी, ते नक्की सांगेल. आगामी सर्वसाधारण सभेत या नोंदपत्रकाचा विषय चर्चेस घ्यावा, अशी माझी पदाधिकाऱ्यांना नम्र विनंती आहे.

उपशय कोणी ठरवायचा, या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. तो रुग्णाने सांगायचा, परीक्षणाने पडताळायचा आणि वैद्याने जसाच्या तसा लिहायचा. यांपैकी पहिले काम आजवर आपणच रुग्णाच्या वतीने करीत आलो. ते त्याचे त्याच्याकडे सोपवावे, एवढेच या लेखाचे मागणे आहे.