चाळणी आणि पाठभेद

शाळेच्या संगणककक्षात प्रॉक्सी सर्व्हर असावा की नसावा, हा वाद आता जवळजवळ संपला आहे. दहा वर्षांच्या मुलापुढे अख्खे महाजाल उघडे टाकावे, असे कोणताही जाणता शिक्षक म्हणणार नाही. प्रश्न निराळाच आहे, आणि तो क्वचितच विचारला जातो. ही चाळणी जे करते, ते विद्यार्थ्याला दिसते का?

प्रॉक्सी हा मधला मध्यस्थ. मागितलेले पान तो स्वतः आणतो, तपासतो आणि मग पुढे करतो. या तपासणीत तो दोन गोष्टी करू शकतो. एक म्हणजे पान अडवणे, आणि दुसरी म्हणजे पान बदलणे: जाहिराती वगळणे, चित्रे काढणे, नको असलेले शब्द गाळणे. प्रॉक्सोमिट्रॉनसारखी आज्ञावली वापरून हौशी मंडळी स्वतःपुरती पाने अशी सोयीची करून घेत. त्यात गैर काही नव्हते, कारण बदलणारा आणि वाचणारा एकच होता. शाळेत मात्र बदलणारा एक आणि वाचणारा दुसरा. अडवलेल्या पानाची मुलाला निदान जाणीव असते. बदललेले पान त्याला मूळच वाटते.

कोल्हापूरकरांना हा भेद फोड करून सांगायला नको. १८९९ च्या सुमारास पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत होता. राजारामशास्त्री भागवत सोबत होते, त्यांनी ते ध्यानात आणून दिले. पुढे वेदोक्त प्रकरण गाजले ते अधिकाराच्या प्रश्नावर, आणि ते योग्यच होते. परंतु त्याचा आरंभ लक्षणीय आहे. ऐकणाऱ्याची ‘पात्रता’ ठरवून पाठ बदलला गेला होता, आणि ते ओळखण्यासाठी मूळ पाठ जाणणारा कोणीतरी जवळ असावा लागला. संगणकापुढे बसलेल्या मुलाजवळ असा शास्त्री नसतो.

शिवाय यंत्राला तारतम्य नसते. १९९६ साली अमेरिका ऑनलाइनच्या चाळणीने इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांची नोंदणीच अडवली, कारण गावाच्या नावात एक अश्लील शब्द दडलेला होता. मराठीची गत याहून विचित्र. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे आपापल्या फाँटमध्ये असत. यंत्राच्या लेखी तो मजकूर म्हणजे रोमन अक्षरांची निरर्थक रांग. त्यापुढे इंग्रजी शब्दांची यादी आंधळीच ठरे.

आज बहुतेक पाने कूटबद्ध होऊन येतात. मध्यस्थाला साधारणतः संकेतस्थळाचे नाव तेवढे कळते, आतला मजकूर नाही. त्यामुळे एका पानासाठी अख्खे स्थळ बंद होते. जुलै २००६ मध्ये देशाने याचा मासला पाहिला आहे: मोजकी पाने रोखण्याचा सरकारी आदेश निघाला आणि सेवा कंपन्यांनी सगळे ब्लॉगस्पॉटच बंद केले. दुसरा मार्ग म्हणजे शाळेने आपले प्रमाणपत्र प्रत्येक संगणकात बसवणे. मग प्रॉक्सी पान उघडून वाचू शकतो, बदलूही शकतो, आणि ब्राउझरमधले कुलूप मात्र लावलेलेच दिसते!

ग्रंथपालही निवड करतोच की, असे कोणी म्हणेल. खरे आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभे आहे. निवडीवाचून ग्रंथालय चालत नाही. पण ग्रंथपाल एखादे पुस्तक घेत नाही, घेतलेल्या पुस्तकातली वाक्ये बदलून ठेवत नाही. पुस्तकांची यादी समोर असते आणि विचारायला माणूस असतो.

तेव्हा शाळेने खुशाल अडवावे, पण पाटी लावून. काय अडवले, का अडवले, दाद कोणाकडे मागायची, हे मराठीत लिहावे. अडवलेल्या स्थळांची यादी पालकांसमोर ठेवावी. जाहिराती काढल्या असतील तर तसे सांगावे. मजकुराला मात्र हात लावू नये. १९१७ साली ज्या संस्थानाने सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तिथल्या मुलाला आपण मूळ पाठ वाचतो आहोत की पाठभेद, एवढे कळण्याचा हक्क तरी असायला हवा.