नकाशा कोणाला हवा आहे?

झेन चो या मलेशियन लेखिकेची ‘द ऑर्डर ऑफ द प्युअर मून रिफ्लेक्टेड इन वॉटर’ (२०२०) ही लघुकादंबरी आवडलेल्या वाचकांचीही एक तक्रार असते. पात्रे लोभस आहेत, संवाद खुसखुशीत आहेत. पण कल्पित जग फार विरळ आहे. युद्ध का पेटले, राज्य करणारा ‘प्रोटेक्टर’ कोण, देवीचे सामर्थ्य कुठवर, हे नीट सांगितलेलेच नाही.

तक्रारीतले निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. टोलकीनने ‘द रिटर्न ऑफ द किंग’ला (१९५५) वंशावळी आणि कालपटांची परिशिष्टे जोडली. त्या महाकाय कथेला ती शोभली. पण ह्यूगो पुरस्काराच्या नियमांत लघुकादंबरी म्हणजे १७,५०० ते ४०,००० शब्द. एवढ्या जागेत राज्यांचा इतिहास भरला, तर विनोदाला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

शिवाय हे जग कोणाच्या नजरेतून दिसते? ग्वेट इम ही जोगीण एकांतसाधनेत असताना बाहेर युद्ध होऊन गेले आणि तिचा मठ उद्ध्वस्त झाला. पोटासाठी ती कॉफीच्या दुकानात वाढपीण होते आणि तिथून थेट दरोडेखोरांच्या टोळीत घुसते. तिला घ्यायची त्यांची मुळीच इच्छा नसते, यातच निम्मी गंमत आहे. युद्धाबद्दल तिला जेवढे कळते तेवढेच आपल्याला कळते.

या कथेवर मलायातल्या १९४८ ते १९६० च्या आणीबाणीची छाया आहे. कम्युनिस्ट गनिमांची रसद तोडण्यासाठी ब्रिटिश सरकारने सुमारे पाच लाख लोकांना उठवून काटेरी कुंपणाच्या नव्या गावांत वसवले. अशा काळात वाटेवरच्या माणसाला राजवटीचा इतिहास सुचत नाही. पुढच्या नाक्यावर कोण अडवील, एवढाच त्याचा प्रश्न असतो. कादंबरी त्याच्याच उंचीवरून पाहते.

दुसरा आक्षेप टेट सांगबद्दल. टोळीतला हा दुसऱ्या क्रमांकाचा माणूस स्त्रीदेहात जन्मला आणि आता पुरुष म्हणून वावरतो. हे उघड होते तेव्हा ना आक्रोश होतो, ना समुपदेशन. काहींना हे उथळ वाटते. मला यात लेखिकेची सचोटी दिसते. टेट सांगने आपले जगणे कधीच स्वीकारलेले आहे. खुलासा हवा असतो तो बाहेरून पाहणाऱ्याला. मुलुख असो की लिंगभाव, आत राहणाऱ्यांना जे ठाऊक आहे त्यावर ही कथा व्याख्यान देत नाही.

याची किंमतही आहे. प्रोटेक्टर निव्वळ नाव राहतो, त्यामुळे त्याची दहशत अंगावर येत नाही. ग्वेट इमची शक्ती सोयीच्या वेळी प्रकटते. ही उणीव मी झाकणार नाही. पण जगाची मांडणी पुरेशी आहे की नाही, हे पात्रांच्या निर्णयांवरून तपासावे. टोळी मठातल्या पवित्र वस्तू विकायला निघाली आहे, आणि त्या जपणारी ग्वेट इम सोबत चालते आहे. विकाव्यात की राखाव्यात, हा पेच समजायला उद्ध्वस्त मठ आणि रिकामी पोटे पुरतात. तो पेच वाचकाला भिडतो. म्हणून हे जग विरळ असले तरी अपुरे नाही.