ताई, आधी चहा घ्या

‘ताई’ हा शब्द मला मनापासून आवडतो. ऊसतोडीच्या फडावर एखादी बाई ‘पेपरवाल्या ताई’ म्हणून मला बसायला पोतं पसरते, तेव्हा त्यामागोमाग उचलीचा हिशेब येतो, मुकादमाचं नाव येतं, एका कोयत्यामागे किती पैसे कापले तेही येतं. त्याच आठवड्यात कारखान्याच्या चेअरमनना मी विचारते, मागच्या हंगामाची एफआरपी शेतकऱ्यांना कधी मिळणार? उत्तर येतं, ‘ताई, आधी चहा घ्या.’ चहा येतो. मुलं कितवीत आहेत, मिस्टर काय करतात, याची चौकशी होते. शेजारच्या पेपरचा बातमीदार तोच प्रश्न विचारतो तेव्हा मात्र त्याला तारीख सांगितली जाते. ती पाळली जाईल की नाही हे पुढचं, पण त्याच्या वहीत काहीतरी उतरतं.

सोलापूर जिल्ह्यात ऊस, पाणी आणि जिल्हा परिषद या विषयांवर मी बरीच वर्षं बातम्या करते आहे. बाईमाणसाला पत्रकारितेत काय म्हणावं, यावर आमच्या शिबिरांतून चर्चा होते ती बहुतेक शिव्यांची. शिव्या गंभीर आहेतच. 2015 साली केंद्रीय मंत्री व्ही. के. सिंह यांनी माध्यमांसाठी ‘प्रेस्टिट्यूट’ हा शब्द वापरला. तो साऱ्यांनाच उद्देशून होता, पण त्यानंतर समाजमाध्यमांवर बायकांना तो ज्या तपशिलांसह ऐकवला गेला तसा पुरुषांना गेला नाही. तरी शिवी निदान ओळखता येते, तिच्याविरुद्ध तक्रार करता येते. मायेच्या शब्दांचं काय करायचं? सत्तेतला माणूस पत्रकार बाईशी नातं जोडतो तेव्हा तो बहुतेक वेळा प्रश्नातून अंग काढून घेत असतो, हे मी पुरतं पाहिलं आहे. भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो, हिशेब देत नाही.

एप्रिल 2018 मधली चेन्नईच्या राजभवनातली घटना आठवा. राज्यपाल होते आपल्या नागपूरचे माजी खासदार बनवारीलाल पुरोहित. पत्रकार परिषद संपता संपता एका महिला प्रतिनिधीने त्यांना प्रश्न विचारला आणि त्यांनी उत्तराऐवजी तिच्या गालावर थोपटलं. तिने जाहीर आक्षेप घेतला. मग माफीचं पत्र आलं. त्यात त्यांनी लिहिलं की तुम्ही मला नातीसारख्या वाटलात, प्रश्न चांगला होता म्हणून कौतुकाने थोपटलं, आणि मी स्वतःही या व्यवसायात सुमारे 40 वर्षं होतो. मला त्या पत्रातली कौतुकाची गोष्ट सर्वांत जास्त लागली. प्रश्न चांगला होता, तर त्याला उत्तर मिळायला हवं होतं.

नोव्हेंबर 2022 मध्ये मंत्रालयात संभाजी भिडे यांनी एका वाहिनीच्या प्रतिनिधीला सांगितलं, आधी टिकली लाव, मग बोलतो. प्रत्येक स्त्री भारतमातेचं रूप आहे, असंही ते म्हणाले. राज्य महिला आयोगाने नोटीस काढली, ते योग्यच झालं. पण तिने विचारलं होतं मंत्रालयातल्या त्यांच्या भेटीविषयी. पुढचे कित्येक दिवस महाराष्ट्र टिकलीवर बोलत राहिला आणि त्या भेटीत काय झालं हे बाजूलाच राहिलं. चेन्नईत नात, मुंबईत माता, आमच्याकडे ताई. तिन्ही ठिकाणी मान मोठा दिला गेला, आणि हातात माइक धरून उभी असलेली बातमीदार रिकाम्या हाताने परतली.

घरचे लोकही यातून सुटत नाहीत. ‘आमच्या महिला पत्रकार’ अशी ओळख करून दिली की पाठोपाठ हळदीकुंकवाची बातमी येते, आठ मार्चची पुरवणी येते, पाककृती स्पर्धेचं परीक्षण येतं. मराठीला या जोडशब्दाची गरजच नाही. ‘बातमीदार आली’, ‘उपसंपादक म्हणाली’, एवढ्यात सगळं कळतं. हे काम आपलं क्रियापद बिनबोभाट करतं. तानुबाई बिर्जे यांच्याविषयीही हेच वाटतं. पती वासुदेवराव गेल्यावर त्यांनी ‘दीनबंधू’चं संपादन हाती घेतलं. 1877 साली कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेलं, सत्यशोधकांचं हे पत्र. आपण दरवर्षी त्यांना ‘पहिल्या महिला संपादक’ म्हणून हार घालतो. शिक्षणावर, जातीवर, सरकारी धोरणावर त्या काय लिहीत होत्या, हे किती पत्रकारिता विभागांत शिकवलं जातं?

‘महिला’ हा शब्द जिथे मोजणीसाठी लागतो तिथे मात्र तो मी हट्टाने वापरेन. जिल्ह्यात किती महिलांकडे अधिस्वीकृतीपत्रिका आहे, रात्रपाळीनंतर त्यांना घरी सोडायला गाडी आहे का, तालुक्याच्या पत्रकार भवनात स्वच्छतागृह आहे का, हे विचारायलाच हवं. 2013 च्या कायद्याप्रमाणे 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत तक्रार समिती लागते. त्याहून लहान ठिकाणच्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मानधनावर बातम्या पाठवणाऱ्या तालुक्याच्या किती मुलींना ही दुसरी समिती ठाऊक आहे?

माझं मागणं मात्र नेत्यांकडे नाही. ते शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांकडे आहे. एखादीच्या प्रश्नाला ‘ताई, तुम्ही तर घरच्याच’ असं उत्तर आलं, तर पुढच्याने आपला प्रश्न बाजूला ठेवावा आणि तिचाच पुन्हा विचारावा. त्यासाठी ठराव लागत नाही, संघटना लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे हे एकदा घडलं. टँकरच्या फेऱ्या कागदावर किती आणि गावात प्रत्यक्ष किती पोचल्या, असं मी विचारलं. उत्तरात माझ्या उन्हातान्हात फिरण्याची काळजी व्यक्त झाली. तेव्हा दुसऱ्या दैनिकाचा एक तरुण बातमीदार म्हणाला, ‘साहेब, त्यांचा फेऱ्यांचा प्रश्न राहिला.’ तिसऱ्यानेही तेच विचारलं. अखेर अधिकाऱ्यांना लॉगबुक मागवावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्हा तिघांच्याही पेपरात गावनिहाय फेऱ्यांचा तक्ता छापून आला.