तासिकेच्या हिशेबात संशोधन बसत नाही

पदवीच्या मुलांना मानसशास्त्रातलं संशोधन शिकवायचं काम आपल्या भागात ज्यांच्या गळ्यात पडतं, त्यांना त्या कामाचा एक पैसाही मिळत नाही. मिळतात ते तासिकेचे पैसे. फळ्यासमोर उभं राहिलात तर तास भरला. वर्ग सुटल्यावर एखाद्या मुलीबरोबर बसून तिची प्रश्नावली दुरुस्त केलीत, तर तो तास नाही. अशा व्यवस्थेत संशोधन शिकवलं जात नाही, संशोधनाचं नाटक शिकवलं जातं. हे मी आतून बघून लिहिते आहे.

सकाळी मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड. झाल्यावर मानसशास्त्रात एम.ए. बाहेरून केलं, म्हणून दुपारी धाराशिव जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जाते. सगळे याला सीएचबी म्हणतात. सत्र सुरू होताना नेमणूक, सत्र संपलं की नेमणूक संपली. पुढच्या वर्षी त्याच मुलांना त्याच बाई भेटतील याची खात्री नाही.

आता साधा हिशेब करा. वर्गात ४० मुलं धरा. विषय ठरवणं, प्रश्नावली तपासणं, आकडे मांडणं, अहवाल वाचून परत करणं, यासाठी एका मुलामागे कमीत कमी १० तास लागतात. झाले ४०० तास. दोन श्रेयांकांच्या लेखी विषयाला वेळापत्रकात ३० तासिका असतात, प्रात्यक्षिक धरलं तर ६०. उरलेले ३४० तास कोणी द्यायचे? कोणीच देत नाही. मग पोरं काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. होस्टेलच्या खोलीत बसून एकाच पेनानं ३० जणांचे फॉर्म भरतात. तेवढाही कंटाळा आला तर झेरॉक्सच्या दुकानातून जुना प्रोजेक्ट घेऊन नाव बदलतात. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर पानं उलटतात, सही करतात, चहा घेतात.

मुलं लबाड आहेत म्हणून हे होतं, असं मी मानत नाही. ज्या कामाकडे बघायला कोणाला वेळच दिलेला नाही, ते काम खरं करणाऱ्यालाही तेवढेच मार्क आणि खोटं करणाऱ्यालाही तेवढेच. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला हे पहिल्याच सत्रात कळतं.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती माझ्या रोजच्या धंद्यातली आहे. मुलं चिंता मोजायला इंग्रजीतली चाचणी घेतात आणि मोबाईलवर तिचं भाषांतर करतात. प्रश्न तयार होतो: 'तुम्हाला किती वेळा काळजी वाटते?' हा प्रश्न घेऊन मुलगी एखाद्या आईसमोर बसली, की उत्तर ठरलेलं, 'नेहमीच वाटते बाई, लेकरांची काळजी आईनं नाही करायची तर कोणी करायची?' मराठीत काळजी म्हणजे चिंताही आणि माया-देखभालही. आमच्या मोहल्ल्यात 'फिक्र' म्हटलं तरी तीच गत. चाचणी सांगते की बाई आजारी आहे, आणि बाई सांगत असते की मी चांगली आई आहे. उलट जिला खरोखर त्रास आहे ती 'चिंता' हा शब्दच वापरत नाही. ती म्हणते, जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, कशात मन लागत नाही. ही वाक्यं प्रश्नावलीत नसतील तर ती बाई आकड्यांत दिसणारच नाही.

हे आपल्याला कधी जमलंच नव्हतं असं नाही. बी.एड.च्या पुस्तकात बिने-कामत चाचणीचं नाव असतं. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिनेची बुद्धिमापन चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्यानं बसवली. नुसते शब्द बदलले नाहीत, इथल्या मुलांवर चाचणी घेऊन कोणता प्रश्न कोणत्या वयाला झेपतो ते तपासलं. त्यांचं पुस्तक १९४० साली आलं. तेव्हा संगणक नव्हता. एका माणसाला एका कामासाठी वर्षं मिळाली, एवढंच. आज आमच्याकडे मोबाईल आहे आणि ४८ मिनिटांची तासिका आहे.

यावर उत्तर येतं की नियम तर चांगले आहेत. आहेत ना! विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ची नियमावली म्हणते की कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावेत. त्याच आयोगानं २०१९ मध्ये अतिथी अध्यापकाला एका व्याख्यानाचे १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार अशी मर्यादा ठरवली. मराठवाड्यातल्या कोणत्याही सीएचबीवाल्याला हे आकडे वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. आता नव्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करता येणार आहे. कागदावर फार छान. शिकवायला कोण उभं राहणार, हे त्या कागदावर नाही.

दुसरं उत्तर जास्त झोंबणारं आहे. 'अहो मॅडम, ही पोरं पोलीस भरती आणि तलाठ्याच्या मागे लागलेली. त्यांना संशोधन कशाला?' हे बोलणाऱ्याला आपला जिल्हा माहीत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा किल्लारीबरोबर आपलं सास्तूरही पडलं. त्या रात्री वाचलेली लेकरं आज माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप आहेत. शेतकरी आत्महत्या थांबवण्यासाठी सरकारनं २०१५ मध्ये बळीराजा चेतना अभियान सुरू केलं, तेव्हा यवतमाळबरोबर आपलाच जिल्हा निवडला होता. इतकं दुःख ज्या मातीत आहे, तिथल्या मुलांना माणसाच्या मनाविषयी प्रश्न विचारायला शिकवायची गरज नाही, असं म्हणायचं का?

मुसलमान म्हणून मला आणखी एक दिसतं. २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला, पुढे राज्यात महमूदुर रहमान समितीचा आला. दोन्ही महत्त्वाचे. पण आमच्याविषयी प्रश्न नेहमी बाहेरून आलेल्यांनी विचारले, आम्ही उत्तरं दिली. आता आमच्या मुली पहिल्यांदा वही घेऊन दार वाजवताहेत. सासू बाजूला बसलेली असताना सून खरं बोलणार नाही, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय कळतं. कोणत्या घरात कधी जायचं, कोणत्या बोलीत विचारायचं, हेही कळतं. त्यांच्याकडे नाही ते एवढंच: शेजारी बसून 'हा प्रश्न असा विचार' म्हणणारं माणूस, ज्याला त्या बसण्याचा मोबदला मिळतो.

म्हणून मागणी साधी आहे. मार्गदर्शनाचा तास हा तासिका म्हणून मोजा आणि त्याचे पैसे वेळेवर द्या. रिक्त पदं भरा, आणि ती भरेपर्यंत सीएचबीची नेमणूक निदान प्रकल्प पूर्ण होईपर्यंत चालू ठेवा. शंभर फॉर्मची सक्ती सोडा. एका मुलीनं १० जणींशी नीट बोलून, त्यांच्याच शब्दांत लिहून आणलेलं शंभर खोट्या फॉर्मपेक्षा भारी आहे. आणि मार्क देण्याआधी प्रत्येक प्रकल्पातल्या दोन-तीन माणसांकडे जाऊन विचारा की बाबा, कोणी आलं होतं का?

हे करायचं नसेल तर अभ्यासक्रमातून 'संशोधन' हा शब्द तरी काढून टाका. मुलांना खोटं लिहायला लावून त्यावर विद्यापीठाचा शिक्का मारणं, याला तालीम म्हणत नाहीत.