संगणकाची दुरुस्ती आणि कारागिराचा हक्क

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि त्यानंतर भोसरी, चिंचवड, आकुर्डीपासून तळवडे व चाकणपर्यंत कारखान्यांची जी वसाहत पसरत गेली, तिचे खरे भांडवल कोणते, असे कोणी विचारले तर जमीन, वीज किंवा मुंबईचे सान्निध्य यांच्या आधी मी टूलरूममधल्या माणसाचे नाव घेईन. बंद पडलेल्या यंत्राचे झाकण उघडून, आवाज, कंप आणि मोजमाप यांवरून दोषाचा माग काढून, अडलेले उत्पादन पुन्हा सुरू करण्याचे जे सामर्थ्य या पट्ट्यातील फिटर, टर्नर आणि इलेक्ट्रिशियन यांनी कमावले आहे, त्याच्या बळावर मोटारकारखान्यांना माल पुरविणारी शेकडो लहान वर्कशॉपे चालतात. असे असता, त्याच शेडच्या कोपऱ्यातील केबिनमध्ये जो संगणक चालान छापतो, जॉबकार्ड काढतो आणि ड्रॉइंग दाखवतो, त्याच्यापुढे मात्र हा कारागीर हात बांधून उभा राहतो, ही विसंगती मला फार दिवसांपासून बोचत आली आहे.

तिच्याकडे आज लक्ष वेधण्यास तातडीचे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपुष्टात आला. संस्थांना पैसे मोजून फार तर आणखी तीन वर्षांची मुदत मिळते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाचिप आणि ठराविक पिढीचा प्रोसेसर आवश्यक ठरविण्यात आल्यामुळे, २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक, त्यांचा एकही भाग झिजलेला नसताना, अपात्र ठरले आहेत. लेथ चालत असताना केवळ निर्मात्याच्या फर्मानावरून तो भंगारात काढण्याची सूचना भोसरीतला कोणताही मालक नामंजूर करील; संगणकाच्या बाबतीत तोच मालक ती निमूटपणे मान्य करतो, कारण दुसरा मार्ग त्याला कोणी दाखविलेला नसतो.

तो मार्ग मुक्त प्रणालीचा आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९९१ साली लायनस टॉरवल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, आणि १९९६-९७ या काळात केडीई, एक्सएफसीई व ग्नोम या डेस्कटॉपांचा आरंभ झाला. या प्रणालींचा परवाना ही वापरणाऱ्याच्या हाती दिलेली सनदच आहे: ती चालवावी, तिची अंतर्रचना अभ्यासावी, तीत बदल करावेत आणि बदललेली प्रत इतरांना द्यावी. गाभा निराळा आणि डेस्कटॉप निराळा असल्यामुळे, दप्तरातील एकाही कागदाला धक्का न लावता पडद्यावरची सारी मांडणी बदलता येते.

या मुभेचा उपयोग डिस्पॅचच्या टेबलावर स्पष्ट दिसतो. चार जीबी मेमरीच्या जुन्या संगणकावर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप बसवावा. पट्टीवर चालान, ड्रॉइंग, प्रिंटर आणि दिवसाच्या फायलींचा फोल्डर एवढेच ठेवून बाकी सारे काढून टाकावे. दुरून वाचता येतील इतकी अक्षरे मोठी करावीत. मेनू मराठीत आणावेत आणि इनस्क्रिप्ट कळफलक एका कळीवर ठेवावा. मराठी अक्षरांसाठी जी ‘लोहित’ टंकमाला अशा प्रणालींवर सर्रास आढळते, ती रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली खुली केली आणि तिच्या पुण्यातील अभियंत्यांनी जोपासली, ही गोष्ट आपल्या मुलखाला भूषणावह आहे. मात्र बदल एका वेळी एकच करावा आणि केलेला प्रत्येक बदल वहीत नोंदवावा, हा टूलरूमचा शिरस्ता येथेही पाळला पाहिजे, अन्यथा हौसेने केलेली सजावटच पुढे बिघाडाचे मूळ होते.

बिघाड होतातच, आणि या प्रणालीचे खरे मोल मला तेथेच दिसते. परवलीचा शब्द अचूक असूनही पडदा क्षणभर काळा होतो आणि प्रवेशाची चौकट पुन्हा समोर येते, ही एक नेहमीची तक्रार घ्या. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबून केवळ अक्षरांचा पडदा उघडावा आणि डिस्कवर जागा शिल्लक आहे काय ते आधी पाहावे. स्कॅन केलेल्या ड्रॉइंगांनी ती काठोकाठ भरली असेल तर कारण हाती लागले. जागा असेल तर नवे खाते उघडून त्यातून प्रवेश करून पाहावा. नवे खाते सुरळीत चालले, तर दोष जुन्या खात्याच्या मांडणीत आहे. ‘कॉन्फिग’ नावाच्या लपविलेल्या फोल्डरचे नाव बदलताच डेस्कटॉप आपली मांडणी नव्याने रचतो आणि कामाच्या फायली जागच्या जागी राहतात. नवे खातेही अडले, तर प्रणालीची नोंदवही, म्हणजे जर्नल, वाचावी, आणि दोष नुकत्याच आलेल्या अपडेटनंतर उद्भवला असेल तर संगणक सुरू होतानाच्या यादीतून आधीचा गाभा निवडावा. दोष यंत्रात आहे, टूलमध्ये आहे की जॉबमध्ये, हे एकेक शक्यता बाद करीत ठरविणाऱ्या फिटरला या पद्धतीत अपरिचित असे काय आहे?

अडचणी आहेत, आणि त्या लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. हिशेबाचे टॅली आणि डिझाइनचे सॉलिडवर्क्स विंडोजसाठीच लिहिलेले आहेत. काही प्रिंटर आणि डिजिटल स्वाक्षरीची काही टोकने मुक्त प्रणालीवर हट्ट करतात. युनिकोडपूर्व टंकांतला जुना मराठी मजकूर रूपांतरित करावा लागतो. म्हणून हिशेबाचा आणि डिझाइनचा संगणक आहे तसा ठेवून उरलेल्यांपासून आरंभ करणे शहाणपणाचे. म्युनिक नगरपालिकेने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला आणि २०१७ साली विंडोजकडे परतण्याचे ठरविले. याउलट केरळच्या शाळांत २००१ साली सुरू झालेला आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्प पुढे मुक्त प्रणालीवर आला आणि टिकला, कारण तेथे शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले व शाळांच्या गरजेप्रमाणे प्रणालीची स्वतंत्र आवृत्ती घडविली गेली. प्रणाली फुकट मिळते. तिची निगा राखणारा माणूस मात्र तयार करावा लागतो.

असा माणूस तयार करण्याची साधने या पट्ट्यात आहेत. मोरवाडीत पिंपरी-चिंचवड महापालिकेची स्वतःची औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय) आहे. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाने लिनक्सचे पाठ मराठीतही विनामूल्य उपलब्ध केले आहेत. माझी सूचना अशी, की आयटीआयमध्ये डेस्कटॉपची दुरुस्ती हा गुणांकित प्रात्यक्षिकाचा विषय व्हावा: निदेशकाने प्रणालीत मुद्दाम दोष निर्माण करावा आणि प्रशिक्षणार्थ्याने तो शोधून, दूर करून, त्याची कैफियत मराठीत लिहावी. महापालिकेने आपले बाद ठरविलेले संगणक लिलावात न काढता या कामासाठी द्यावेत. लघुउद्योजकांच्या संघटनांनी लगतच्या दहा-बारा वर्कशॉपांसाठी मिळून असा एक शिकलेला तरुण पगारावर ठेवावा आणि त्याने हाताळलेल्या दोषांची सामायिक नोंदवही जपावी, म्हणजे एका शेडमध्ये सुटलेला प्रश्न दुसऱ्या शेडमध्ये पुन्हा मुळापासून सोडवावा लागणार नाही. नव्या संगणकांच्या खरेदीसाठी आज जो पैसा या पट्ट्याबाहेर जातो, त्याचा एक हिस्सा इथल्याच मुलांच्या वेतनात पडेल, आणि आपल्या दप्तराचे यंत्र किती वर्षे चालवायचे याचा निर्णय ते वापरणाऱ्याच्या हाती येईल. यंत्रदुरुस्तीच्या विद्येवर ज्या गावांनी भरभराट पाहिली, त्यांनी हा निर्णय परक्याच्या हाती ठेवू नये.